गॅन्सी, कोता आणि फेब्रुवारीतला वसंत

माझी पुतणी वोल्फ्सबुर्गला असते. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे गेले होते, तेव्हा ती मला तिच्या मुलाची बालवाडी दाखवायला घेऊन गेली. दारातच एक भला मोठा रंगीत तक्ता लावलेला होता. जगभरच्या भाषांमध्ये 'स्वागत' लिहिलेलं, मराठीतही. फक्त त्यातला 'ग' कुणीतरी उलटा चिकटवला होता. खाली जर्मनमध्ये ओळ होती की घरची भाषा हा मुलाचा खजिना आहे, तो जपा. पुतणीला वाटलं, काकूला भरून येईल. मला संताप आला. ती बिचारी गोंधळली. चांगलंच लिहिलंय की, म्हणाली.

चांगलं लिहिलंय यात वादच नाही. पण एवढं कळायला ह्या लोकांना किती वर्षं लागली? ह्याच देशातल्या एका शाळेत, एका सहा वर्षांच्या मुलीला ह्याच खजिन्यापायी मंद ठरवलं गेलं तेव्हा मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. ते आजवर कुठे लिहिलं नव्हतं. संपादकबाईंनी 'तुमच्या परदेशातल्या नोकरीचे गमतीदार अनुभव' मागितले आहेत. गमती बऱ्याच होत्या. पण लिहायला बसलं की हाच अनुभव पुढे येतो, म्हणून हाच लिहिते.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. आमचे हे आखनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट करत होते. मी पुण्यात बालशिक्षणाचा रीतसर अभ्यासक्रम केलेला, चार वर्षं बालवाडी चालवलेली. तिकडे गेल्यावर कळलं की माझ्या प्रमाणपत्राचा उपयोग फक्त भिंतीवर टांगायला. एका चर्चच्या किंडरगार्टनमध्ये मला 'हेल्फरिन' म्हणून घेतलं. हेल्फरिन म्हणजे मदतनीस. मुलांना शिकवायचं ते शिक्षिकांनी. आम्ही नाकं पुसायची, दूध तापवायचं आणि कपडे घालायचे.

हे कपडे घालणं म्हणजे काय, ते इथल्या वाचकांना सांगायला हवं. आपल्याकडे बालवाडीतल्या मुलाचे कपडे म्हणजे सदरा आणि चड्डी. तिकडे नोव्हेंबर ते मार्च मुलांना बाहेर खेळायला न्यायचं म्हणजे मोहीम असे. आत आल्यावर घालायचे घरातले बूट वेगळे, बाहेरचे वेगळे. लांब लोकरी मोजे, ते वर एका बंडीसारख्या कपड्याला बटणांनी अडकवायचे. त्यावर विजार, त्यावर स्वेटर, कोट, मफलर, टोपी, हातमोजे. शेवटच्या मुलाचे हातमोजे चढवेपर्यंत पहिल्याला शू लागलेली असे. मग सगळं उलट्या क्रमाने. प्रत्येक मुलाच्या खुंटीवर एक चित्र असे, कारण वाचता कुणालाच येत नसे: कुणाचं बदक, कुणाचा भोपळा, कुणाची छत्री. दिवसाचा निम्मा वेळ मी त्या खुंट्यांखाली गुडघ्यांवर बसलेली असे.

आणि एक गोष्ट मला तिथे पक्की कळली, जी प्रशिक्षणात कुणी सांगितली नव्हती. मुलाला शब्द शिकवायची सर्वांत चांगली जागा म्हणजे ही. बाही अर्धी चढलेली असते, मूल अडकलेलं असतं, तोंड तुमच्या तोंडासमोर असतं. त्या क्षणी 'बाही' म्हणा, मूल तो शब्द जन्मात विसरत नाही. ऋतूंचंही तसंच. भिंतीवर झाडाचे चार अवतार रंगवून ऋतू कळत नाहीत. आज कोट लागतो की नाही, ह्यावरून कळतात. आपल्याकडे नाही का, पुस्तकात सहा ऋतू आणि अंगावर तीन.

ब्रीज आणि ऊना ह्या दोन आयरिश बहिणी आमच्याकडे येत. ब्रीज पाच पूर्ण झालेली, ऊना साडेतीनची. वडील केव्हिन डब्लिनचे, आखनच्या एका कापड गिरणीत यंत्रांचे इंजिनिअर. आई नोरा आयर्लंडच्या अगदी पश्चिम किनाऱ्यावरची. मी तोवर समजत होते की आयरिश लोक इंग्रजीच बोलतात. नोरा मुलींना न्यायला आली की त्यांच्याशी जे बोले ते इंग्रजी नव्हतं, जर्मन नव्हतं, घशातून आणि नाकातून येणारं भलतंच काहीतरी होतं. मी विचारलं, तेव्हा ती थोडी बावरली. चूक सापडल्यासारखी म्हणाली, ही आमची भाषा. मग मीही तिला मराठी ऐकवलं आणि आमची मैत्री झाली. ती इंग्रजीत चाले. दोघींनाही ती परकी भाषा, त्यामुळे बरोबरीचा मामला होता.

त्या वर्षी शरदात नोराला खोकला लागला आणि तपासणीत क्षय निघाला. आयफेलच्या टेकड्यांमध्ये एक आरोग्यधाम होतं, तिथे तिला पाठवायचं ठरलं. किती महिने ते डॉक्टर सांगेनात. मुलांना भेटायची बंदी. जायच्या आदल्या दिवशी ती खुंट्यांपाशी आली, माझ्यापासून लांब उभी राहिली, तोंडावर रुमाल धरून बोलली. केव्हिनला आयरिश येत नाही, मुलींशी तो इंग्रजी बोलतो; बाकी सगळं जग जर्मन. ऊना अजून लहान आहे. "मी परत येईन तेव्हा त्या मला ओळखतील. पण मी काय म्हणते ते त्यांना कळणार नाही. तू त्यांचे कपडे घालतेस, तेवढे शब्द तरी चालू ठेव."

मला एक अक्षर येत नव्हतं. तरी मी हो म्हटलं.

आरोग्यधामात मोठ्या माणसांना रविवारी जाऊ देत. केव्हिन, हे आणि मी, तिघं बसने जायचो. नोरा सज्ज्यात आरामखुर्चीवर पांघरुणात गुंडाळलेली असे, आणि आम्ही चार हात लांब बाकावर. ती एकेक शब्द म्हणे, मी मागून म्हणे. लिहून घ्यायचा मी प्रयत्न केला, पण त्यांच्या लिहिण्याचा आणि बोलण्याचा संबंध फार दूरचा. तेव्हा सगळं कानावर. परतीच्या बसमध्ये मी पुटपुटत असे आणि हे खिडकीबाहेर बघत मला ओळखत नसल्यासारखं करत.

स्वेटर म्हणजे गॅन्सी. बूट म्हणजे ब्रोगा. मोजे स्तोकी. कोट म्हणजे कोता. टोपीला म्हणतात हाता. पहिल्या दिवशी नोरा हाता हाता म्हणत होती आणि मी मराठी कानांनी ऐकून माझे हातमोजे उंच धरून दाखवत होते. ती इतकी हसली की नर्स धावत आली. ऋतू चार. आरख वसंत, साउरा उन्हाळा, फोवर शरद, गेव्हरा हिवाळा. पण सुरुवातीच त्यांच्या वेगळ्या. त्यांचा वसंत फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी येतो. ज्या संतिणीच्या नावावरून ब्रीजचं नाव ठेवलं तिचा तो सण. थंडी असली तरी त्या दिवसापासून दिवस मोठा होताना जाणवतो, कोकरं जन्मतात, म्हणून वसंत. मला ह्यात काहीच विचित्र वाटलं नाही. माघातल्या कुडकुडत्या सकाळी आपण वसंतपंचमी करतोच की.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. त्यांच्या भाषेत 'मी कोट घातलाय' असं म्हणत नाहीत. 'ता कोता ओरम', माझ्यावर कोट आहे, असं म्हणतात. भूकसुद्धा माणसावर असते, थंडीसुद्धा. आपणही डोक्यावर टोपी आणि पायात वहाण म्हणतोच. मला वाटलं, ही भाषा आपल्या चुलतघराण्यातली आहे.

सोमवारी खुंट्यांखाली आमची शाळा भरे. दोन्ही मुलींना मी सगळ्यांत शेवटी घेई. ब्रीज माझे उच्चार दुरुस्त करी, अगदी कडक मास्तरणीसारखी. ऊना नुसती गात सुटे, गॅन्सी-गॅन्सी-ब्रोगा. कधी माझ्या तोंडून मराठी निघे आणि ऊनाच्या गाण्यात मध्येच 'टोपी' येई. हळूहळू बाजूची जर्मन मुलंही एखादा शब्द उचलू लागली. इथेच माशी शिंकली.

एका आईने येऊन तक्रार केली की तिचा मुलगा घरी स्वेटरला भलतंच काही म्हणतो, आणि मदतनीस बाई मुलांशी गुप्त भाषेत बोलतात. आमच्या मुख्याध्यापिका फ्राऊ लिंडेमान. उंच, ताठ, युद्धात नवरा गमावलेली बाई. मुलांवर जीव टाकणारी, पण आखनची गावठी बोली बोलणाऱ्या पोरांनाही त्या टोकत, शुद्ध जर्मन हवं म्हणून. त्यांनी मला खोलीत बोलावून शांतपणे सांगितलं की ह्या इमारतीत जर्मनच बोललं जाईल. दोन भाषांनी मुलं तोतरी होतात, हे शास्त्राने सिद्ध झालंय.

मी म्हटलं, माझ्या पुण्यातल्या बालवाडीत घरी कानडी, तेलुगू, गुजराती बोलणारी मुलं होती. कुणी तोतरं झालं नाही. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे मोजलं कुणी?

ह्यावर काय बोलणार? जे आपल्या डोळ्यांसमोर पिढ्यान्‌पिढ्या चाललंय ते खोटं, कारण ते कुणी जर्मनीत मोजलेलं नाही. मी त्या इमारतीत आयरिश बोलणं बंद केलं. इमारतीच्या फाटकाबाहेर केव्हिन यायची वाट बघत आम्ही तिघी उभ्या राहायचो, तिथे बोलायला सुरुवात केली. नियम इमारतीचा होता.

आता शाळेत घालायच्या परीक्षेबद्दल सांगते. तेव्हा तिकडे शाळेचं वर्ष ईस्टरनंतर सुरू होई, म्हणून फेब्रुवारीत मुलांची तपासणी असे. मूल शाळेला तयार आहे का हे बघायचं. वजन, डोळे, कान, मग चित्रं दाखवून प्रश्न. जे नापास होईल ते वर्षभर थांबे. पण ज्याच्यात 'उणीव' आहे असं वाटे त्याची शिफारस हिल्फ्सशूलेला होई. नाव गोंडस आहे, मदतीची शाळा. तिथे गेलेलं मूल सहसा परत साध्या शाळेत येत नसे, आणि पुढे त्याला कुणी चांगल्या कामालाही घेत नसे. सहा वर्षांच्या पोराचं आयुष्य अर्ध्या तासात ठरे.

केव्हिनची पाळी गिरणीत होती, म्हणून ब्रीजला मी घेऊन गेले. बाहेर बर्फ पडत होतं. शाळेचे डॉक्टर दिसायला अगदी प्रेमळ आजोबा. त्यांनी ब्रीजला बिस्किट दिलं. हे मुद्दाम सांगते, कारण दुष्ट माणूस असता तर मला इतका राग आला नसता.

त्यांनी विचारलं, आत्ता कोणता ऋतू आहे? ब्रीजने खिडकीबाहेर पाहिलं आणि जर्मनमध्ये स्पष्ट सांगितलं, वसंत.

डॉक्टर हसले. नीट बघ म्हणाले, बाहेर काय पडतंय? बर्फ. मग ऋतू कोणता? वसंत. तिच्या नावाच्या संतिणीचा सण होऊन दोन आठवडे झाले होते. त्या दिवशी वसंत येतो हे तिला जन्मापासून माहीत, आणि हा एवढा मोठा माणूस असून ह्याला माहीत नाही, ह्याचं तिला नवल वाटत होतं. मग त्यांनी चित्र दाखवलं, कोट घातलेल्या माणसाचं. हा काय करतो? ती म्हणाली, कोट त्याच्यावर आहे. स्वेटरचं चित्र आल्यावर ती जरा अडखळली. जर्मन शब्द तिला येत होता, पण डॉक्टरांच्या चेहऱ्याने ती घाबरली होती, आणि घाबरलेलं मूल आईच्या भाषेकडे धावतं. ती हळूच म्हणाली, गॅन्सी.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ब्रीजला बाहेर बसायला सांगितलं आणि मला म्हणाले की मुलगी मागे पडलेली आहे. काळाची जाण नाही, वाक्यरचना सदोष, साध्या वस्तूंची नावं येत नाहीत. घरात इंग्रजी, बाहेर जर्मन आणि वर ही तिसरी बडबड. एवढ्याशा डोक्यात जागा तरी किती असणार. हिल्फ्सशूले हेच तिच्या हिताचं.

मी सांगायचा प्रयत्न केला. तिच्या आईच्या देशात वसंत कधी येतो ते सांगितलं. कोट अंगावर असण्याचं सांगितलं. माझी जर्मन तेव्हा संतापली की तुटायची, तशी ती तुटली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपण तिच्या आई आहात?" नाही. "शिक्षिका?" नाही. इथे मी हेल्फरिन आहे.

"मग मदत करा," ते म्हणाले. "तिच्याशी जर्मन बोला."

कोता म्हणजे आयरिशमध्ये कोट. मराठीत कोता म्हणजे काय, ते मला त्या खोलीत दिसलं.

ब्रीज बाहेर बाकावर बसली होती. तिने बिस्किट खाल्लं नव्हतं. वाटेत मला विचारलं, मी काय चुकले? तू काही चुकली नाहीस, असं मी म्हटलं. तिने ते मानलं नाही. त्या संध्याकाळी फाटकापाशी मी ऊनाच्या टोपीचा बंद बांधताना 'हाता' म्हटलं, तर ब्रीजने माझ्या तोंडावर हात ठेवला.

केव्हिन मात्र लढायला तयार नव्हता. थकला होता बिचारा: गिरणी, दोन मुली, आजारी बायको. आमच्या स्वयंपाकघरात बसून त्याने सांगितलं की डॉक्टर म्हणतात ते करू, ती भाषा सोडून देऊ, पुढच्या वर्षी बघू. मी त्याला तोडून बोलले. तेव्हा तो म्हणाला, "ह्या भाषेचं नाव काढलं की माझ्या तळहातांना अजून आग होते. नोराच्या आजीला इंग्रजांच्या राज्यात शाळेत ती बोलली म्हणून मारलं. स्वातंत्र्यानंतर ती सक्तीची झाली, तर मला शाळेत ती येत नाही म्हणून मारलं. माझ्या मुलीला आता तिच्यामुळे मंद ठरवलंय. किती पिढ्या मार खायचा?"

उत्तर दिलं ते ह्यांनी. एरवी हे अशा गोष्टींत पडत नसत. म्हणाले, भाषेचं नंतर ठरव. मुलगी हुशार आहे हे तुला माहीत आहे ना? मग तपासणी पुन्हा करा असा अर्ज कर. बापाला तो हक्क असणार. केव्हिनने मान हलवली, पण किंडरगार्टनची शिफारस असल्याशिवाय अर्जाला वजन नव्हतं.

मी फ्राऊ लिंडेमानकडे गेले. भांडायच्या तयारीनेच गेले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, आणि सही केली. मी आभार मानायला लागले तर म्हणाल्या, गैरसमज नको, तुमच्या भाषेच्या खेळाबद्दल माझं मत तेच आहे. पण माझ्या किंडरगार्टनमधून चुकीचं मूल हिल्फ्सशूलेला गेलेलं मी चालवून घेणार नाही. ह्या मुलीला भोपळ्याच्या खुंटीपासून छत्रीच्या खुंटीपर्यंत प्रत्येकाच्या वस्तू माहीत असतात. मंद मूल मी ओळखते.

आता नोराला सांगायचं की नाही, हा प्रश्न होता. केव्हिन नको म्हणत होता, प्रकृतीला जपायला हवं. मला ते पटेना. भाषा तिची, मुलगी तिची. शेवटी सज्ज्यात मीच सांगितलं. तिने डोळे मिटले. मग तिने आजीची गोष्ट सांगितली. शाळेत मुलांच्या गळ्यात दोरीने एक काठी बांधत. घरी, रस्त्यात, कुठेही आयरिश बोललं की त्या काठीवर एक खाच. दिवसअखेर खाचा मोजून छड्या. आणि त्या खाचा करायला आईबापच मदत करत, मुलाच्या भल्यासाठी.

"माझ्याकडून ती खाच करून घेऊ नका," ती म्हणाली. "मुलींना इथे घेऊन या. आत नको. खाली बागेत उभ्या करा."

पुढच्या रविवारी मुली बागेत उभ्या राहिल्या आणि नोरा दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून. चार महिन्यांनी आई दिसली, ती इतकी लांब आणि इतकी बारीक. ऊना माझ्या कोटात तोंड खुपसून रडायला लागली. नोरा वरून ओरडून बोलू लागली. बाकीचे रोगी उठून बघायला लागले. मला त्यातले फक्त ऋतू कळत होते आणि 'डॉक्टर' हा शब्द. मग ब्रीजने मान वर करून काहीतरी विचारलं, नोराने उत्तर दिलं, आणि इतक्या दिवसांनी ब्रीज खुदकन हसली.

नोराने मला नंतर सांगितलं. ती मुलीला म्हणाली होती की डॉक्टरांचा वसंत उशिरा येतो, त्याला ते बिचारे काय करणार. आपण दुसऱ्याच्या घरी गेलो की त्यांच्या घड्याळाप्रमाणे जेवतो. तेव्हा त्यांच्या खोलीत त्यांचा ऋतू सांगायचा. ब्रीजने विचारलं होतं, मग आपला वसंत खोटा का? नोरा म्हणाली होती, आपला आधीच आलाय. त्यांना सांगून दुखवू नकोस.

दुसरी तपासणी मार्चच्या सुरुवातीला झाली, वेगळ्या बाई होत्या, तरुण. आत्ता कोणता ऋतू? ब्रीज अतिशय सौम्यपणे म्हणाली, "तुमच्याकडे अजून हिवाळा आहे." बाईंनी 'हिवाळा' तेवढं लिहून घेतलं. कोट? माणसाने कोट घातलाय. स्वेटर? पुलओव्हर. साध्या शाळेत प्रवेशाची शिफारस झाली.

इथे गोष्ट संपली असती तर मी आज रागावले नसते. केव्हिन, ब्रीज आणि मी बाहेर पडत होतो तेव्हा व्हरांड्यात ते आजोबा डॉक्टर भेटले. त्यांना निकाल कळला होता. मनापासून आनंद झाला त्यांना. केव्हिनचा हात हातात घेऊन म्हणाले, बघितलंत, ती तिसरी भाषा बंद केल्याबरोबर तीन आठवड्यांत केवढा फरक पडला. मी हे उदाहरण इतर पालकांनाही सांगेन.

मी तोंड उघडलं. केव्हिनने माझं कोपर इतकं घट्ट धरलं की दुखलं. कागदावर अजून शिक्का पडायचा होता. मी तोंड मिटलं.

त्या माणसाने पुढे किती आईबापांना ब्रीजचं उदाहरण दिलं असेल? इटलीहून आलेल्या, ग्रीसहून आलेल्या, खाणीत आणि कारखान्यात राबणाऱ्या माणसांना, ज्यांच्याकडे अर्ज करायला भाषा नव्हती आणि सही करायला फ्राऊ लिंडेमान नव्हती? त्यांच्या किती मुली त्या मदतीच्या शाळेत गेल्या आणि तिथेच राहिल्या? तेही कुणी मोजलेलं नाही. आणि नुसती जर्मनांवर टीका करून मी मोकळी होणार नाही. आपली मंडळीही तेव्हा काही वेगळी नव्हती. आखनमध्ये डॉक्टरेट करणारे आपले चारदोन मराठी संसार होते. एका घरात मुलाला मराठीत हाक मारायची बंदी होती, शाळेत त्रास नको म्हणून. मी बोलले तर, वहिनी, तुम्हाला मूल नाही म्हणून सुचतं हे, असं ऐकवलं मला. ऐकवणारा पीएच.डी. होता.

नोरा जुलैमध्ये घरी आली. पुरती बरी होऊन आली, एवढं सुख पदरात पडलं. आठवड्याभराने मी भेटायला गेले. तिसऱ्या मजल्यावरचं त्यांचं छोटं घर, खाली चौक, चौकात मुलं खेळत होती आणि तळमजल्यावरची बाई पायऱ्या धूत होती. आखनमध्ये क्वचित पडतो असा उकाडा होता. नोराने मला बसवलं, पाणी दिलं. मुलींना घेऊन आम्ही बाहेर जाणार होतो. ती उठली, खिडकीपाशी गेली, खाली एक नजर टाकली आणि खिडकी लावून घेतली. मग ऊनाला आयरिशमध्ये म्हणाली, बूट घाल. तेही हळू, कुजबुजून. ब्रीज तिच्या शेजारी उभी राहून दाराची कडी लागलीय का बघत होती.

मी विचारलं, खिडकी का लावलीस? नोरा म्हणाली, शेजारी शाळेत सांगतात. ब्रीजला तिथे आता कुठे बरं चाललंय. हे सगळं ती इतक्या साधेपणाने म्हणाली, जसं आपण पाऊस येईल म्हणून वाळत घातलेले कपडे काढतो म्हणावं. सात-आठ महिने छातीशी झुंजून परत आलेली बाई, तिला डॉक्टरांनी मोकळी हवा घ्यायला सांगितलेली, आणि ती स्वतःच्या पोरींना बूट घाल म्हणायला घराची हवा बंद करत होती.

मी उठले आणि दोन्ही फळ्या सताड उघडल्या.

नोरा माझ्याकडे बघत राहिली. खाली पायऱ्या धुण्याचा आवाज थांबला. मी म्हटलं, आता बोल. ती बोलेना. तेव्हा मीच, माझ्या पुणेरी उच्चारांत, खालपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ऊनाला म्हटलं, ब्रोगा. ऊनाने बूट उचलला. ब्रीज कडीपाशीच उभी होती. ती एकदा आईकडे, एकदा खिडकीकडे बघत होती, आणि मग तिच्याने राहवेना.

"असं नाही," ती जर्मनमध्ये मला म्हणाली, आणि खिडकीत येऊन, कठड्यावर हात ठेवून, तो शब्द नीट कसा म्हणायचा ते तिने मोठ्याने म्हणून दाखवलं.